देवाच्या साक्षीवाचून

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील सभा संपते, चहा होतो, आणि एखादा वयस्कर श्रोता कार्यकर्त्याला बाजूला घेऊन एक प्रश्न हमखास विचारतो. जमिनीचे, मजुरीचे, पाण्याचे तुमचे म्हणणे पटते. पण तुमच्यातली पुष्कळ मंडळी देवधर्म मानीत नाहीत असे ऐकतो. मग वाईट वागण्यापासून तुम्हांला अडवणार कोण? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याची सवय पुरोगामी मंडळींना जडली आहे, आणि ती सवय चांगली नव्हे. विचारणारा माणूस बहुधा कोणा सावकाराचा वा पुरोहिताचा हस्तक नसतो. त्याने आयुष्यभर खोटी साक्ष दिली नाही, शेजाऱ्याचा बांध कोरला नाही, विठ्ठलाची माळ गळ्यात असताना मापात पाप केले नाही. हे सारे तो ‘वरून कोणीतरी पाहतो आहे’ या विश्वासावर करीत आला. तो विश्वास गेला तर माणसे कशी वागतील, ही त्याची भीती प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे.

उत्तराची सुरुवात त्याच्याच आयुष्यापासून करावी. ज्या परंपरेने त्याला खोटे बोलू नको असे शिकविले, तिनेच अमक्या जातीच्या माणसाला विहिरीवर येऊ देऊ नको असेही शिकविले. दोन्ही आज्ञा एकाच तोंडून आल्या, दोहोंच्या मागे एकच पुण्य आणि एकच नरक उभा होता. यांतील पहिली आज्ञा नीतीची आणि दुसरी अनीतीची, हे ठरविण्याचे माप केवळ आज्ञापालनात सापडत नाही. ते बाहेरून आणावे लागते. ज्या संतांनी दुसऱ्या आज्ञेविरुद्ध आवाज उठविला त्यांनीही ते माप माणसाच्या दुःखावरूनच घेतले. मग त्याला देवाचे नाव दिले असेल. म्हणजे चांगले काय आणि वाईट काय हे माणूस आधी ओळखतो आणि मागाहून ते देवाच्या नावावर जमा करतो. हा मुद्दा ग्रीसमध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडी प्लेटोने घातला त्याला चोवीसशे वर्षे होत आली. पण तो समजण्यासाठी ग्रीसला जाण्याची गरज नाही, गावच्या पाणवठ्यापर्यंत गेले तरी पुरते.

महाराष्ट्रात हा वाद गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून उघड्यावर आणला. माणसाच्या सद्वर्तनाला परलोकाचा आधार लागत नाही, समाजात एकत्र राहण्यातूनच नीती उपजते आणि बुद्धीने ती सुधारता येते, हे त्यांचे प्रतिपादन. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्याला देवाचे भय नाही तो भोगवादी होणार, हे भाकीत मात्र आगरकरांनी खोटे पाडले. मोठ्या पगाराची नोकरी शक्य असताना त्यांनी आईला पत्राने कळविले की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून सगळा वेळ परहितात घालविणार. आणि १८९५ साली, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, दम्याने मृत्यू येईपर्यंत ते तसेच जगले. त्यांच्या विरोधकांपैकी कितीजणांना परलोकाच्या आधाराने हे साधले, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

भयावर उभारलेल्या नीतीत आणखी एक धोका असतो, आणि तो चांगल्या हेतूच्या थोर माणसालाही चुकत नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे मेली. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी देशभर दौरा करीत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा होय, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे कडवे विरोधक. तरी त्यांनी याला तितकाच जाहीर आक्षेप घेतला. निसर्गातील घटनेला नैतिक कारण चिकटविणे असमर्थनीय तर आहेच, पण असला युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्याच मनोवृत्तीला अधिक शोभतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे होते. देवळे अस्पृश्यांना खुली करण्याच्या पापामुळेच धरणी हादरली, असे सनातनी सहज म्हणू शकत होते, आणि दोहोंपैकी कोणाचे खरे हे सांगायला भूकंप परत येणार नव्हता. शिवाय मेलेल्यांत अस्पृश्यही होतेच. त्यांना कोणत्या पापाची शिक्षा झाली?

गांधीजींविषयी इतकेच सांगून थांबणे अन्यायाचे होईल. १९३१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे बोलताना त्यांनी ‘ईश्वर हे सत्य’ हे आपले जुने सूत्र उलटे करून ‘सत्य हाच ईश्वर’ असे मांडले होते, आणि त्याचे एक कारण असे दिले होते की नास्तिकालाही सत्य नाकारता येत नाही. या सूत्राची खरी परीक्षा पुढे सेवाग्रामला झाली. ती घेणारा माणूस आंध्रातला होता. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना त्याची ओळख व्हावी तितकी झालेली नाही, म्हणून त्याच्याविषयी थोडे विस्ताराने.

गोपराजु रामचंद्र राव, म्हणजे ‘गोरा’, यांचा जन्म १९०२ चा, ब्राह्मण कुटुंबातला. वनस्पतिशास्त्राचे ते प्राध्यापक. जानवे टाकले म्हणून घर सोडावे लागले. निरीश्वरवाद सोडीनात म्हणून १९३३ साली काकीनाड्याच्या महाविद्यालयातील नोकरी गेली. पुढे मच्छलीपट्टणम्‌लाही फार काळ जमले नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या बाबतीत तसूभरही मागे नव्हत्या. गरोदर बाईने ग्रहण पाहिले तर मूल व्यंग घेऊन जन्मते ही समजूत खोटी ठरविण्यासाठी त्या स्वतः गरोदर असताना ग्रहणात उघड्यावर वावरल्या, आणि मूल धडधाकट जन्मले. (मुलांची नावेही या दांपत्याने पंचांग न पाहता ठेवली. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी जन्मलेला मुलगा ‘लवणम्‌’.) १९४० साली कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात त्यांनी नास्तिक केंद्र स्थापन केले, १९४७ साली ते विजयवाड्याला हलले. नाव नास्तिक केंद्र. पण तेथे देव नाही हे सिद्ध करणारी व्याख्याने कमी आणि प्रौढांचे शिक्षण, अस्पृश्यतेविरुद्धचे काम, सगळ्या जातींची सहभोजने हे अधिक चाले. १९४२ च्या चळवळीत पतिपत्नी दोघांनीही तुरुंगवास भोगला.

गोरांनी १९३० सालीच गांधीजींना पत्र लिहून ईश्वर शब्दाचा अर्थ विचारला होता. ईश्वर मानवी आकलनापलीकडचा आहे, एवढे त्रोटक उत्तर आले. १९४१ मध्ये पुन्हा पत्र गेले, त्याला आलेले उत्तर आणखी कडक होते: नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणे, तिच्या प्रचारात कोणालाही यश आलेले नाही. शेवटी १९४४ च्या अखेरीस सेवाग्रामला भेट झाली. आश्रमात राहून, फिरायला जाताना सोबत चालत, गोरांनी आपली बाजू मांडली. त्यांनी बंगालच्या दुष्काळाचा दाखला दिला. कलकत्त्याच्या रस्त्यावर मिठाईच्या दुकानांसमोर माणसे तडफडून मेली, पण दुकानाला कोणी हात लावला नाही; कारण हे आपले नशीब, ही देवाची इच्छा, असे त्यांना वाटत होते, आणि दुकानदारालाही तसेच वाटत होते. या निदानात अतिशयोक्ती आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. भूक माणसाच्या अंगातले त्राणही नेते, आणि दुकानामागे पोलीसही उभा असतो. पण ‘देवाची इच्छा’ हा शब्दप्रयोग उपाशी माणसाला गप्प बसवतो आणि पोट भरलेल्याला निश्चिंत झोप देतो, एवढे तरी त्यातून घ्यावेच लागते. गोरांच्या निरीश्वरवादाचा गाभा हा होता. देव आहे की नाही या तर्ककर्कश वादात त्यांना रस नव्हता. आपल्या स्थितीला आपण जबाबदार आहोत आणि ती आपण बदलू शकतो, असे ज्याला वाटते तो त्यांच्या लेखी नास्तिक.

गांधीजींचे मत एका भेटीत बदलले नाही. पण पुढच्या तीन वर्षांत दोघांचा स्नेह वाढत गेला, आणि आपली आस्तिकता बरोबर वा गोरांची नास्तिकता चूक असे आपण म्हणू शकत नाही, इथवर गांधीजी आले. गोरांनी या भेटींचे वृत्त पुढे पुस्तकरूपाने लिहिले. १९५१ साली ते गांधीजींच्याच नवजीवन संस्थेने छापले आणि त्याला प्रस्तावना किशोरलाल मश्रुवाला यांची आहे. नास्तिकाचे पुस्तक आणि गांधीवाद्याची प्रस्तावना, असा योग आज कितपत संभवतो?

या संबंधातील निर्णायक प्रसंग मात्र चर्चेचा नाही, लग्नाचा आहे. गोरांनी आपल्या थोरल्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका तरुण कार्यकर्त्याशी करण्याचे ठरविले आणि ते गांधीजींच्या कानावर घातले. वधूवरांपैकी एकजण अस्पृश्य मानलेल्या जातीतला असेल तरच आशीर्वाद द्यायचा, असा नियम गांधीजींनी अखेरच्या काळात स्वतःला घालून घेतला होता. हा विवाह सेवाग्रामला आपल्या देखरेखीखाली व्हावा असे त्यांनी सुचविले. आता अडचण आली ती विधीची. आश्रमातील विवाहात ईश्वराचे नाव घेऊन प्रतिज्ञा होई. आणि येथे तर त्या नावाला हरकत असलेले कुटुंब. गांधीजींनी ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घालण्याचे मान्य केले. लोझानला सोळा वर्षांपूर्वी तत्त्व म्हणून मांडलेले सूत्र असे प्रत्यक्ष प्रतिज्ञेत उतरायचे होते. लग्नापूर्वीच, ३० जानेवारी १९४८ रोजी, एका धर्माभिमान्याने प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींचा खून केला. विवाह ठरल्याप्रमाणे सेवाग्रामलाच १३ मार्च १९४८ रोजी झाला. त्याच दिवसांत गांधीजींच्या मागे काय, याचा विचार करण्यासाठी नेहरू, विनोबा, कृपलानी, जयप्रकाश सेवाग्रामला जमले होते. आणि त्याच महिन्यात नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला. इतिहासाच्या पुस्तकांत या बैठकांना जागा मिळाली. लग्नाला मिळाली नाही.

हा प्रसंग इतका लांबवून सांगण्याचे कारण असे की धर्माविना नीती म्हणजे काय, याचे उत्तर तेथे कोणी भाषणात दिलेले नाही. जात मोडायची ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाबाळांच्या बाबतीत, आणि ती मोडताना पुण्याची आशा नाही. उलट नातलग तुटणार ही खात्री. पुरोगामी चळवळीतील किती घरांत आजही मुलामुलींची लग्ने जातीबाहेर होतात? पत्रिका पाहणे बंद झाले असेल; पण ‘मुलगा आपल्यातलाच मिळाला’ हे वाक्य समाधानाने उच्चारले जातेच. गोरांच्या सर्वच मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. राजकीय पक्षच नकोत, पक्षविरहित लोकशाही हवी, हा त्यांचा आग्रह अव्यवहार्य होता. पक्ष नसले म्हणजे सत्ता लोकांच्या हाती येते असे नाही, ती संघटित धनिकांच्या हाती जाते. पण १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे बोलणे आणि घर यांत अंतर पडले नाही.

व्यक्तीच्या प्रतिज्ञेतून ईश्वराचे नाव वगळता आले. राष्ट्राच्या प्रतिज्ञेचे काय? हा प्रश्न दुसऱ्याच वर्षी संविधान सभेत आला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी तिच्या आरंभी ईश्वराचे नाव घालावे अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांनी असा विषय मतास टाकला जात असल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्रावणकोरचे पट्टम थानु पिल्लै यांनी आक्षेप घेतला की ही श्रद्धेची सक्ती होईल. मानण्याचे वा न मानण्याचे स्वातंत्र्य दोघांनाही हवे. कामतांनी आग्रह सोडला नाही, मतमोजणी झाली, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. विरोधात मत देणाऱ्या ६८ जणांत नास्तिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. बाकीचे पूजाअर्चा करणारेच असणार; तरी ‘आम्ही भारताचे लोक’ एवढा आधार राज्यघटनेला पुरे आहे, असा कौल त्यांनी दिला. लोकप्रतिनिधीला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, आणि दोन्हींचे वजन सारखे, हीही याच घटनेची तरतूद. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिक सभासदाला १८८० पासून १८८६ पर्यंत, वारंवार निवडून येऊनही, शपथेच्या वादापायी पार्लमेंटबाहेर राहावे लागले होते. भारतीय नागरिकाला तो झगडा करावा लागला नाही.

गंमत अशी की कामत आणि थानु पिल्लै हे दोघेही पुढे प्रजा समाजवादी पक्षात आले. आणि थानु पिल्लै यांच्याच कारकिर्दीत समाजवाद्यांपुढे नीतीचा तो प्रश्न उभा राहिला, ज्याचे उत्तर कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते. १९५४ साली ते त्रावणकोर-कोचीनचे मुख्यमंत्री झाले. ऑगस्टमध्ये दक्षिण त्रावणकोरात, तमिळ भाषकांचा प्रदेश मद्रास राज्याला जोडावा या मागणीच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया त्या वेळी उत्तर प्रदेशातील पाणीपट्टीवाढीविरुद्धच्या आंदोलनात पकडले जाऊन नैनीच्या तुरुंगात होते. तेथून त्यांनी मागणी केली की स्वपक्षाच्या सरकारने राजीनामा द्यावा. काँग्रेस सरकारांच्या गोळीबारांचा निषेध करणाऱ्या पक्षाला आपल्या गोळीबाराचे समर्थन करता येणार नाही, हे त्यांचे साधे म्हणणे. पक्षाला ते मानवले नाही. सरकार टिकवणे महत्त्वाचे, चौकशी होऊ द्या, परिस्थिती तशीच होती, असे युक्तिवाद झाले. त्यांत काही अगदी प्रामाणिकही होते. लोहियांनी सरचिटणीसपद सोडले, आणि १९५५ च्या अखेरीस पक्ष फुटला.

त्या फुटीची चर्चा समाजवादी वर्तुळात डावपेचांच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. नीतीच्या अंगाने पाहिले तर लोहिया ईश्वर मानीत नव्हते हे लक्षात ठेवावे. राम, कृष्ण, शिव यांच्यावर त्यांनी इतके जिव्हाळ्याने लिहिले ते या देशातल्या माणसांनी घडविलेली स्वप्ने म्हणून. ज्याला वरच्या न्यायालयाची धास्ती नव्हती, त्यालाच मेलेल्यांचा हिशेब येथे, आपल्या हयातीत, आपल्या पक्षाकडून मागावासा वाटला. परलोकात न्याय होईल असे मानणाऱ्याला थोडी उसंत असते. न मानणाऱ्याला ती नसते. मेलेली माणसे आपल्या पक्षाची नव्हती, आपल्या मागणीचीही नव्हती, हा विचार त्या मागणीत कोठेही नव्हता.

याचा अर्थ देव नाकारला की माणूस आपोआप नीतिमान होतो असा कोणी काढू नये. स्टालिनच्या राजवटीने देव हद्दपार केला आणि त्याच्या गादीवर इतिहासाला बसविले. माणसे पूर्वी देवाच्या इच्छेने मरत, आता इतिहासाच्या नियमाने मरू लागली, आणि पोथीऐवजी पक्षाचा ठराव उद्धृत होऊ लागला. ज्या विचाराला जिवंत माणसापुढे जाब द्यावा लागत नाही, तो ईश्वरवादी असो वा निरीश्वरवादी, त्याच्यापासून सावध राहावे. नव्वद टक्के आस्तिकांच्या देशात काम करणाऱ्याने तर आपल्या नास्तिकतेचा तोरा मिरवणे ही एक प्रकारची ब्राह्मण्याचीच नवी आवृत्ती होय. नरेंद्र दाभोलकरांना हे नेमके कळले होते. देव मानणे न मानणे हा ज्याचा त्याचा प्रश्न, लुबाडणूक आणि अघोरी प्रथा हा सर्वांचा, अशी रेषा आखून त्यांनी महाराष्ट्रात काम उभे केले, आणि वारकऱ्यांशी बोलणे कधी सोडले नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध त्यांनी सुरू केलेल्या मोहिमेला पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याचे रूप मिळाले. विधिमंडळाने तो २०१६ साली मंजूर केला. वाळीत पडलेल्या कुटुंबाला किराणा मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही, आणि हे सारे धर्म आणि रीत यांच्या नावाने, नीतीचे रक्षण म्हणून चालते. सभेनंतर प्रश्न विचारणाऱ्या त्या वयस्कर श्रोत्याला हे उदाहरण द्यावे. त्यालाही हे अन्यायाचे वाटते, बहुधा कार्यकर्त्याच्या आधी वाटलेले असते.

आता कामाचे. देवाच्या साक्षीवाचून विवाह करण्याची सोय १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने सर्व नागरिकांना दिली आहे. त्यापूर्वी १८७२ च्या कायद्यानुसार असा विवाह करणाऱ्याला आपण कोणताही प्रस्थापित धर्म मानीत नाही असे लिहून द्यावे लागे. आता ती अट नाही. आस्तिक, नास्तिक, कोणत्याही धर्माची, कोणत्याही जातीची दोन माणसे एकमेकांना शब्द देतात, आणि तेवढे पुरते. पण कायद्याने नोटीस लावावी लागते, तीस दिवस थांबावे लागते, आणि याच तीस दिवसांत मुलीचे भाऊ, जातीचे पुढारी नि धर्मरक्षक म्हणविणाऱ्या टोळ्या त्या जोडप्याच्या मागे लागतात. नोंदणीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी पक्षाच्या कार्यालयाने अशा जोडप्यांसाठी एक सुरक्षित खोली राखून ठेवावी, एका वकिलाचे नाव भिंतीवर लावावे, आणि साक्षीला जाणाऱ्या कार्यकर्त्यांची यादी तयार ठेवावी. यादीत पहिली नावे पदाधिकाऱ्यांची असावीत.